प्रस्थानातली वही

ज्याच्या सत्तेने वारा वाहतो आणि ज्याच्या आधाराने पाखरू पंख पसरते, त्या सर्वव्यापी नारायणाला वंदन करून चार ओळी लिहावयास बसलो आहे. निमित्त शोकाचे आहे. माझे दिवंगत मित्र मनोहरपंत यांची कन्या, माझी विद्यार्थिनी आणि पुढे अनेक वैमानिकांची गुरू झालेली चि. मंजिरी हिला जाऊन पाच आठवडे झाले. तिच्या नावाआधी ‘चि.’ लिहिण्याची हाताची सवय अजून गेलेली नाही... ती अठ्ठावन्न वर्षांची होती, मी सत्त्याऐंशीचा आहे. हा क्रम उलटा झाला, एवढेच परमेश्वराच्या चरणी नम्रपणे निवेदन करतो.

त्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी तीर्थ घेत होतो, तोच सूनबाई फोन हातात धरून देवघराच्या दाराशी आल्या. मी सोवळ्यात असताना फोन द्यायचा नाही हा आमच्या घरचा नियम; त्यांनी तो मोडला तेव्हाच काय ते समजलो. पलीकडे मंजिरीचा धाकटा भाऊ श्रीकांत होता. “नाना, ताई गेली,” एवढेच तो म्हणाला. मी वेळ विचारली, त्याने सांगितली. आठच दिवसांपूर्वी रुग्णालयात तिला भेटून आलो होतो. तिचा आवाज अगदी क्षीण झाला होता, तरी तिने पहिला प्रश्न मलाच केला, रिक्षाने आलात की बसने. बसने, म्हटले. तिने खिडकीबाहेरच्या झाडाच्या शेंड्याकडे पाहिले आणि म्हणाली, “जाताना रिक्षानं जा नाना. आज वारा आडवा आहे.” दुखण्याबद्दल आम्ही बोललोच नाही.

मनोहरपंत बँकेत होते. कोथरूडला तेव्हा नव्याने सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत ते राहत. मी सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहून शाळेत संस्कृत शिकवीत असे. मंजिरी आठवीपासून दर रविवारी माझ्याकडे शिकावयास येई. तिची बुद्धी चपळ नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो, कारण मृत्यूनंतर सगळेच विद्यार्थी बुद्धिमान होतात. तिच्यापाशी दुसरेच काही होते. एखादे रूप चुकले की ती ‘का चुकले’ असे विचारीत नसे. ‘आता किती वेळा म्हणू’ असे विचारी. दहा वेळा म्हण म्हटले, तर अकरावी आवृत्ती ती आपणहून करी आणि मग वही मिटे. मनोहरपंत सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना सायकलवर बसवून लोहगावच्या कुंपणापाशी विमाने दाखवावयास नेत. श्रीकांत थोड्या वेळाने कंटाळून शेंगदाणे खात बसे. मंजिरी मात्र उतरणाऱ्या विमानाची चाके नेमकी कुठे टेकतात ती जागा मनात धरून ठेवी आणि पुढचे विमान तिथेच टेकते का ते पाही. पदवीनंतर तिने वैमानिक होण्याचे ठरवले, तेव्हा तिची आई, आमच्या कमलवहिनी, आठवडाभर घरात कोणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. मला वाटले, मुलीला समजावा म्हणून सांगतील. त्यांनी पिशवीतून पंचांग काढले आणि प्रवेशाला कोणता दिवस बरा, ते विचारले.

दीड-दोन वर्षांनी ती परवाना घेऊन परतली. परप्रांतातल्या एका फ्लाइंग क्लबात शिकली होती. दोनशे तासांचे उड्डाण झाले होते आणि प्रत्येक तास तिच्या लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या वहीत, टाकाने लिहावा तशा अक्षरात लिहिलेला होता. पानाच्या तळाशी मुख्य प्रशिक्षकाची सही आणि शिक्का. पेढे देऊन तिने नमस्कार केला आणि ती वही माझ्यापुढे ठेवली. मी ती पोथीसारखी उघडली, प्रत्येक पान पाहिले. मला वाटले, आता चार-सहा महिन्यांत ही मोठे विमान चालवील.

तसे झाले नाही. त्या काळी विमान चालवण्याची कामे थोडी आणि मागणारे फार. ती अर्ज करी, उत्तर येई की पाचशे तासांचा अनुभव हवा, कुठे हजार. तास हवेत तर काम हवे, काम हवे तर तास हवेत. हे तिने मला एका रविवारी शांतपणे समजावून सांगितले. मी म्हटले, आमच्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. अ ब-वर अवलंबून आणि ब अ-वर, त्यामुळे दोन्ही सिद्ध होत नाहीत. ती हसली. “चला नाना, नोकरी नाही तर नाही, माझ्या दुखण्याला नाव तरी मिळालं.” त्यानंतर नवे नकारपत्र आले की ती दारातूनच सांगे, “आज परत अन्योन्याश्रय.” एका मुलाखतीत तिला तासांविषयी काही न विचारता लग्न कधी करणार ते विचारले. दुसरीकडे, रडू आले तर विमानात काय कराल, असे विचारले. तिने उत्तर दिले होते, “स्वयंचलित यंत्रणा लावून रडेन.” ते काम अर्थातच मिळाले नाही.

पोट कर्वेनगरातल्या एका शिकवणीवर्गात चाले. तिथे ती वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना हवामानशास्त्र आणि दिशाशोधन शिकवी. रोज मोपेडवरून जाताना सोसायटीच्या फाटकाशी बसलेले एक निवृत्त गृहस्थ विचारीत, “काय मंजिरी, आज विमान सर्व्हिसिंगला का?” पुण्यात असे विचारणे हा आपुलकीचाच प्रकार समजतात. तीही मान हलवून “हो काका, पार्ट मिळत नाहीये,” म्हणून पुढे जाई. परंतु तिच्याकडे शिकलेली मुले, कोणाचा मामा, कोणाचे वडील यांच्या ओळखीने कामाला लागत आणि पेढे घेऊन तिच्याच वर्गात येत, त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन जुनी रूपावली उघडून बसे. दर दोन-तीन महिन्यांनी मात्र एस.टी.ने रात्रभर प्रवास करून ती क्लबात जाई, परवडेल तेवढे उडे आणि वहीत तीन-चार ओळी वाढवून परत येई. अशी चार वर्षे गेली. मनोहरपंत थकले होते. एकदा ते मला हळूच म्हणाले, “नाना, हिला सांगावं का, पुरे आता म्हणून?” मी म्हटले, तिने अजून ‘किती वेळा’ असे विचारलेले नाही, विचारील तेव्हा सांगू.

मग एका नव्या खासगी कंपनीचे पत्र आले. मुलाखत हैदराबादला, मंगळवारी. अट अडीचशे तासांची. मंजिरीचे त्या वेळी बरोबर दोनशे चौपन्न तास झाले होते. चार तासांनी का होईना, प्रथमच ती एखाद्या अटीच्या पलीकडच्या काठावर पोहोचली होती. घरात आनंद मावेना. निघावे लागणार सोमवारी, आणि सोमवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास वर्ज्य. कमलवहिनी पंचांग घेऊन माझ्याकडे आल्या.

आता प्रस्थानाविषयी थोडे सांगावयास हवे, कारण आजच्या पुष्कळ घरांतून ही रीत गेली आहे. प्रवासाचा दिवस अनुकूल नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या वेळी प्रवासाला जाणाऱ्याची एक वस्तू, सुपारी आणि हळद-तांदूळ यांसह, वस्त्रात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. शुभवेळी प्रवास सुरू झाला असे मानायचे आणि प्रत्यक्ष निघताना ती वस्तू तिथून उचलून पुढे जायचे. एकदा ठेवलेली वस्तू घरी परत न्यायची नाही, कारण मग निघालेला माणूसच परतला असे होते. आमच्याकडे सामान्यतः एखादे धुतलेले वस्त्र ठेवीत. मी त्या दिवशी माझी विद्वत्ता पाजळली. जुन्या ग्रंथांत, ज्याचे जे जीवनसाधन ते प्रस्थानात ठेवावे असा अभिप्राय आहे. शस्त्रावर जगणाऱ्याने शस्त्र, त्याप्रमाणे प्रत्येकाने आपापले. मी वहिनींना म्हटले, मंजिरीचे साधन म्हणजे तिची वही. तीच ठेवा. मंजिरीला विचारले तेव्हा ती म्हणाली, नाना म्हणतात तर वहीच ठेवू. शुक्रवारी सकाळी खणात बांधलेली ती वही माझ्या देवघराशेजारच्या फळीवर आली. मी स्वतः तिच्यावर अक्षता वाहिल्या.

रविवारी साडेदहाच्या सुमारास मंजिरी आली. मोपेड खाली सुरूच ठेवली होती, तिचा आवाज मला वर ऐकू येत होता. तिने सांगितले ते असे. वहीच्या शेवटच्या पानावर मुख्य प्रशिक्षकांची सही राहिली होती. ती मागच्या वेळी क्लबात गेली त्या दिवशी ते रजेवर होते, पुढच्या खेपेस करू असे त्यांनी फोनवर सांगितले होते. मध्यंतरी ते निवृत्त झाले आणि आता कायमचे परदेशी मुलाकडे निघाले होते. वाटेत पुणे स्टेशनवर त्यांना गाडी बदलायची होती, दुपारी तासभर ते तिथे थांबणार होते, असा त्यांचा निरोप तिला त्याच सकाळी मिळाला होता.

“वही तासाभरासाठी देता, नाना? सही घेऊन लगेच आणून ठेवते.”

मी तिला बसावयास सांगितले. ती बसली. मी तिला प्रस्थानाचा अर्थ पुन्हा सांगितला; ही वस्तू इथून फक्त पुढे जाते, मागे येत नाही; स्टेशनवर जाऊन परत आली तर निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून फिरला असे होईल. सही नसेल तर ते तास धरतात की नाही ते आपल्याला नक्की ठाऊक नाही, असे ती म्हणाली. त्यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते, आणि आता तर विसरण्याची सोय उरलेली नाही.

“बाळ, सही मागूनही होईल. मुहूर्त मागून होणार नाही.”

ती फळीवरच्या खणाकडे पाहत होती. खाली मोपेड धडधडत होती. हात लांबवला असता तर वही तिच्या हाताशी होती आणि मी तिला अडवले नसते, तेवढे धार्ष्ट्य माझ्यात नव्हते. तिने हात लांबवला नाही. “बरं नाना,” म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मला समाधान वाटले. शिष्या असावी तर अशी, असे मी पत्नीला म्हटल्याचेही स्मरते.

सोमवारी दुपारी रिक्षा माझ्या दाराशी थांबली. रीतीप्रमाणे तिने प्रस्थान उचलले, दह्याची कवडी तोंडात टाकली आणि मागे न पाहता जिना उतरली. गुरुवारी ती परत आली. मी कसे झाले म्हणून विचारले. ती माझ्यासमोर चटईवर बसली, खणाची घडी करून माझ्या पत्नीच्या हाती दिली आणि म्हणाली, “तास कमी पडले, नाना.” मी समजलो, इतर उमेदवारांचे तास हिच्यापेक्षा जास्त असतील. ‘कमी म्हणजे किती’ एवढे जरी मी विचारले असते... विचारले नाही. वरून ईश्वरेच्छेविषयी चार शब्द ऐकवले, ते तिने मान खाली घालून ऐकून घेतले. त्यानंतर तिने चार महिने क्लबाच्या खेपा वाढवल्या. मला वाटे, किती चिकाटी हिची.

पुढे दीड वर्षाने मध्य भारतातल्या एका क्लबात तिला साहाय्यक प्रशिक्षकाचे काम मिळाले. तुटपुंजे काम होते, परंतु त्यात रोज उडायचे होते. अन्योन्याश्रयातून ती अशी एका बाजूने बाहेर पडली. तास वाढले, मोठ्या कंपन्यांची बोलावणीही आली. तोवर तिला शिकवण्याची गोडी लागली होती. ती तिथेच राहिली, मुख्य प्रशिक्षक झाली, लग्न केले नाही. सुट्टी संपवून पुण्याहून निघताना मात्र दर वेळी माझ्याकडे प्रस्थान ठेवी. मी सदाशिव पेठ सोडून मुलाकडे कर्वेनगरला आलो, तरी तिने ते सोडले नाही. प्रस्थानात तिचा एक धुतलेला रुमाल आणि सुपारी असे. मी एकदा विचारलेही, वही का नाही ठेवत? ती म्हणाली, “वही आता रोजच्या वापरात असते, नाना.” मला ते उत्तर पटले होते.

एकदा तिने मला तिच्या क्लबात नेले आणि दोन माणसांच्या त्या इवल्याशा विमानात शेजारी बसवले. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला, तो तिने सोडवला. मग मांडीवर एक कागद घेऊन ती त्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली आणि वाचून झाली की त्या त्या खटक्यावर बोट ठेवू लागली. मी म्हटले, बाळ, हजारो वेळा केले असशील, पाठ नाही का? ती म्हणाली, “पाठ आहे नाना, पण इथे पाठ म्हणायचं नसतं. वाचूनच म्हणायचं. पाठ म्हटलं की माणसाला वाटतं, झालं.” पाठांतरावर आयुष्य घालवलेल्या माणसाला तिने हे इतक्या मृदू स्वरात सांगितले. वर गेल्यावर खाली नदी दिसली. तिचे पाणी कुठून कसे वळते ते एकदम डोळ्यांपुढे आले आणि मी नकळत हात जोडले. मंजिरीने ते पाहिले असावे. ती नदीवरून आणखी एक फेरी घालून मगच उतरली.

तिच्या तेराव्यानंतर कर्वेनगरच्या एका सभागृहात तिच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली. भारतभरातून आलेले वैमानिक होते, कित्येकांचे केस पांढरे झालेले. मला पुढे बसवले होते. एक कॅप्टन बोलावयास उभे राहिले. त्यांनी सांगितले की, मॅडमची एक सवय होती. विद्यार्थ्याच्या वहीचे पान भरले की त्याच दिवशी त्या सही करीत, उद्यावर टाकीत नसत. एकदा खुद्द या कॅप्टनांचे पान संध्याकाळी भरले आणि मॅडम गणपतीसाठी पुण्याला निघून स्टेशनवर गेल्या होत्या. कॅप्टनांनी विचार केला, सणानंतर घेऊ सही. तेवढ्यात क्लबात मॅडमचा फोन आला, वही घेऊन फलाटावर ये. फलाटावर ट्रंकेवर वही ठेवून मॅडमनी सही केली, शिक्का मारला, तो त्या पर्समध्ये बाळगीत. तेव्हाच्या या विद्यार्थ्याने न राहवून विचारले, एवढी घाई कशासाठी? त्यावर त्या म्हणाल्या, “माझं एक पान सहीवाचून राहिलं होतं. अकरा तास होते त्या पानावर. सही करणारे सर पुणे स्टेशनवर तासभर थांबले होते, वही मात्र माझ्याजवळ नव्हती.” याने विचारले, मग वही कुठे होती? कॅप्टन म्हणाले, “मॅडम हसल्या. म्हणाल्या, सुरक्षित जागी होती.”

सभागृहात काही जण हसले. मला हसता आले नाही. दोनशे चौपन्नातून अकरा वजा केले की दोनशे त्रेचाळीस उरतात आणि अट अडीचशेची होती, हे गणित करावयास मला तीस वर्षे लागली. ‘तास कमी पडले’ हे ती खरेच बोलली होती. सत्यही असावे आणि ऐकणाऱ्याला दुखवूही नये असे कसे बोलावे, हा पाठ मी पिढ्यान्‌पिढ्या वर्गात घोकून घेतला होता. माझ्यापुढे चटईवर बसून कोणी तो करून दाखवीत आहे, हे मात्र मला कळले नव्हते. कोणी म्हणेल, ती कंपनी पुढे थोड्याच वर्षांत बंद पडली, जे झाले ते बरेच झाले. असे म्हणून माझा दोष हलका होत नाही. तिला ते अकरा तास पुन्हा उडावे लागले. एस.टी.च्या त्या जास्तीच्या खेपा मी चिकाटी म्हणून वाखाणल्या होत्या. मनोहरपंत तिचे काम पाहण्याआधीच गेले. दीड वर्ष ही काही लहान मुदत नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी कोथरूडला गेलो. कमलवहिनी आता पंच्याऐंशीच्या आहेत, डोळ्यांनी अधू, पण स्मरण लख्ख. श्रीकांतने चहा ठेवला आणि तो आत गेला. मी वहिनींना म्हटले, मला तुमची क्षमा मागावयाची आहे, मुलीची मागता आली नाही. आणि सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या. माझे बोलून झाल्यावर त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

“मला ठाऊक होतं, भाऊजी. आली त्याच दिवशी तिनं सांगितलं. त्या सरांनी स्टेशनवर साध्या कागदावर लिहून दिलं होतं, ते त्या लोकांनी धरलं नाही. सही असलेली पानं तेवढी मोजली.”

मी विचारले, मग मला का सांगितले नाही? इतकी वर्षे तुम्ही मला समोर बसवून जेवू घातलेत...

“तिनं मला देवापुढे शपथ घातली होती. म्हणाली, नानांना कळता कामा नये. कळलं तर ते पंचांग मिटून ठेवतील, मग पुढच्या वेळी मला मुहूर्त कोण काढून देणार? आणि खरं सांगू का भाऊजी, त्या रविवारी तुम्ही तिला वही दिली असतीत, तर संध्याकाळी मीच भांडायला आले असते तुमच्याकडे. तेव्हा क्षमा मागायचीच असली, तर रांगेत माझा नंबर आधी आहे.”

मी घरी आलो तो दोनच शब्द मनात घेऊन. पुढच्या वेळी. ज्या दिवशी चार वर्षांची आशा माझ्या एका वाक्याने तिच्या हातून निसटली होती, त्या दिवशीही तिच्यासाठी पुढची वेळ होती, आणि त्या वेळी मी तिला हवा होतो. मी ज्ञानी आहे म्हणून हवा होतो, असे आता वाटत नाही. ज्याने चूक केली त्याला चुकीसह आपल्या माणसांत राहू द्यावे, एवढा तिचा विचार असावा. तिने तो मला न कळवता तीस वर्षे निभावला. दर सुट्टीत एक रुमाल माझ्या घरी आणून ठेवला आणि मला माझ्या जागी बसवून ठेवले.

पंचांग मी मिटलेले नाही. परवाच आमच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. त्यांची लेक शिक्षणासाठी दूरदेशी निघाली आहे, दिवस अनुकूल नाही. मी वेळ काढून दिली. प्रस्थानात काय ठेवू, असे त्यांनी विचारले. धुतलेले कोणतेही वस्त्र चालेल, असे सांगितले. आणि म्हटले, मध्ये काही लागले, कोणाची सही, कसला कागद, तर मुलीला निःसंकोच पाठवा. मी दार उघडून उभा राहीन, आणि तिच्या मागून अक्षता पुन्हा वाहीन. देवाला एवढे चालते. मला ते कळावयास उशीर झाला.

वाचकहो, आपल्या घरातून जे कोणी लांबच्या वाटेला निघाले असतील, पायी, चाकांवर वा पंखांवर, त्यांना वारा पाठीशी लाभो. त्यांच्या कष्टाच्या प्रत्येक पानाखाली योग्य माणसाची सही वेळेवर उमटो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या चुका पोटात घालणारी लेकरे आपल्या घरी असोत, आणि त्या लेकरांना ते सारे मनात ठेवून जावे न लागो. आपल्या घरी धान्य, दिवा आणि परतून येणाऱ्यांची पावले यांना कधी उणे न पडो, ही त्या नारायणाच्या चरणी प्रार्थना.